डेबूजींच्या लेकीचं बारसं

गाडगेबाबा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हातात खराटा, डोक्यावर गाडग्याचं खापर आणि अंगात चिंध्या जोडून शिवलेला सदरा. शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्याजणींनी हेच चित्र पाहिलंय. पुढं सरकारनं ग्रामस्वच्छता अभियान काढलं, त्यालाही बाबांचंच नाव दिलं. त्यामुळं बाबा म्हणजे झाडलोट, एवढंच आपल्या डोक्यात पक्कं बसलं. पण मैत्रिणींनो, गावाचे रस्ते झाडायला निघण्याच्या कितीतरी आधी या माणसानं स्वतःच्या घरातली एक घाण बाहेर काढली होती. ती म्हणजे दारू. आणि त्यासाठी त्यांनी मुहूर्त निवडला होता पोटच्या लेकीच्या बारशाचा!

बीड जिल्ह्यातल्या गावांमधून बचत गटांच्या निमित्तानं माझं सारखं फिरणं असतं. दारूचा विषय निघाला नाही अशी बैठक मला आठवत नाही. म्हणूनच बाबांच्या चरित्रातला हा बारशाचा प्रसंग मला त्यांच्या खराट्याइतकाच मोलाचा वाटतो. तो नीट समजून घ्यायचा तर आधी बाबांच्या वडिलांची गोष्ट सांगायला हवी.

अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. तिथं २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झिंगराजी आणि सखुबाई जाणोरकर यांना मुलगा झाला. नाव ठेवलं डेबूजी. जात परटाची, म्हणजे गावाचे कपडे धुणारी. घर खाऊनपिऊन सुखी होतं. पण त्या काळी या समाजात, आणि खरं तर कितीतरी समाजांत, दारू ही काही चोरून प्यायची गोष्ट नव्हती. ती देवाला चालायची. कुळाच्या देवाला बोकड कापायचा, बाटलीचा नैवेद्य दाखवायचा आणि मग तोच प्रसाद म्हणून घ्यायचा. मूल जन्मलं तरी दारू, लग्न ठरलं तरी दारू, माणूस मेला तरी दिवसाच्या जेवणाला दारू. पाहुण्याला प्याला दिला नाही तर यजमानाची नाचक्की. आता सांगा, देवाच्या हातून घरात आलेल्या वस्तूला नाही कोण म्हणणार?

झिंगराजी असेच त्या वाटेला लागले. सुरुवात देवाच्या आणि भावकीच्या मानानं झाली, पुढं रोजचीच झाली. हातचं सगळं गेलं, शरीर पोखरलं आणि १८८४ साली ते गेले. डेबू तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा होता. शेवटच्या दिवसांत झिंगराजींना आपलं काय झालं ते उमगलं होतं. पोराला या दारूपासून आणि दारू मागणाऱ्या देवांपासून लांब ठेव, असं त्यांनी सखुबाईंना बजावल्याचं चरित्रांमधून वाचायला मिळतं.

मला इथं सखुबाईंचं फार कौतुक वाटतं. पदरात लहान लेकरू, डोक्यावर छप्पर नाही, अशा अवस्थेत ती बाई माहेरी गेली. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी भाऊ चंद्रभान यांच्याकडं. तिथं डेबू गुरं राखू लागला, नांगर धरू लागला. कामाला वाघ! पोहण्यात पटाईत, गळा गोड. पोरं जमवून भजनं म्हणायचा. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण डोळे उघडे होते. मामाची चांगली शेती सावकाराच्या कागदांत कशी गुंतली, अंगठा उठवणाऱ्याला कसं फसवलं जातं, हे त्यानं स्वतः पाहिलं. बाप दारूनं नेला आणि मामाची शेती कर्जानं. या दोन गोष्टी त्याच्या मनात एकमेकींना चिकटल्या त्या कायमच्या.

पुढं कुंताबाईंशी लग्न झालं. संसार सुरू झाला. मुलगी झाली, आणि आलं बारसं.

रिवाज काय होता? भावकीला बोलवायचं, बोकड पाडायचा, दारूचं पिंप मांडायचं. पैसे नसतील तर सावकाराकडून आणायचे. डेबूजींनी भावकीला बोलावलं, पण ताटात वाढलं गोडाधोडाचं जेवण. ना मटण, ना दारू. पंगतीत चुळबुळ झाली. हे काय बारसं म्हणायचं, असा रागरंग झाला. जातीचा रिवाज मोडणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पंचांनी वाळीत टाकलं तर लेकीचं लग्न जमायचं नाही, मयताला खांदा मिळायचा नाही. तरी हा तरुण गडी मागं सरला नाही.

हा प्रसंग वाचताना मला दरवेळी कुंताबाई दिसतात. त्यांच्याविषयी फार कुठं लिहिलेलं नाही. पण आपण बायका ओळखू शकतो ना! ओली बाळंतीण, मांडीवर लेक आणि समोर नाराज झालेले सासर-माहेरचे पाहुणे. कार्य घरातलं असलं की बोल पुरुषाला कमी आणि बाईला जास्त लागतात. त्या पंगतीचा अर्धा भार त्यांनीच उचलला असणार.

डेबूजींनी इथं काय केलं ते बघा. दारू वाईट असते असं व्याख्यान दिलं नाही. बारसं रद्द केलं नाही, भावकीशी भांडून दार लावून घेतलं नाही. पाहुणचार ठेवला, पंगत ठेवली, आनंद ठेवला. फक्त ताटातला पदार्थ बदलला. दारू ज्या रिवाजाचा हात धरून घरात येते त्या रिवाजातच त्यांनी तिची जागा दुसऱ्याला देऊन टाकली. पुढची पन्नास वर्षं बाबांनी महाराष्ट्रभर जे केलं, त्याचं बी या एका पंगतीत होतं असं मला वाटतं.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडलं. बायको, लेकरं, म्हातारी आई मागं ठेवून निघून गेले. एक बाई म्हणून ही गोष्ट मनाला टोचते, ते लपवून काय उपयोग? संत घर सोडतात तेव्हा घर कुणीतरी बाई चालवत असते. पण निघाल्यावर या माणसानं स्वतःसाठी काही जमवलं नाही हेही तितकंच खरं. ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट बांधला, पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं धर्मशाळा उभ्या केल्या, गोरगरिबांच्या पोरांसाठी वसतिगृहं काढली. लाखो रुपये हातावरून गेले आणि स्वतः शेवटपर्यंत गाडग्यातच भाकरी खाल्ली.

त्यांचं खरं हत्यार मात्र कीर्तन. दिवसभर गाव झाडायचा आणि रात्री त्याच गावाला समोर बसवायचं. बोली वऱ्हाडी, अगदी चुलीपुढची. ते सांगत कमी आणि विचारत जास्त. कर्ज काढून सण केला तर काय होतं, बोकड कापून नवस फेडला तर देव खूश होतो का, दारू प्यायलेल्या बापाची पोरं काय खातात, असे प्रश्न टाकायचे आणि लोकांकडूनच उत्तर काढून घ्यायचे. लोक हसायचे, मग गप्प व्हायचे. भांडी विकावी लागली तरी चालतील पण पोरांना शाळेत घाला, हे ते पुन्हा पुन्हा सांगायचे. दारू, कर्ज, नवसाचा बोकड आणि पोरांचं अडाणीपण ही चार वेगळी दुखणी नाहीत, एकाच वेलीची फळं आहेत, हे आकडेवारी न मांडता त्यांनी लोकांच्या गळी उतरवलं.

आणि हे सगळं अख्ख्या गावासमोर! यात मोठं शहाणपण आहे. एकट्या माणसानं दारू सोडायची ठरवली तरी पुढच्या लग्नात मामा, मेहुणा, मित्र त्याच्या हातात ग्लास देतातच. न घेणाऱ्याला मान नाही, अशी रीत. रीत सगळ्यांची असते म्हणून ती मोडायलाही सगळे एकत्र बसावे लागतात. बाबांच्या कीर्तनात पिणारा, पाजणारा, कर्ज देणारा, बोकड कापणारा आणि घरी वाट पाहणारी बायको, सगळे एकाच पटांगणात बसलेले असायचे.

आपल्या भागातही वारकऱ्यांची माळ हेच काम करत आली आहे. तुळशीची माळ गळ्यात पडली की दारू-मटण सुटतं, आणि गळ्यात माळ दिसली की आग्रह करणाराही हात आखडता घेतो. पाटोदा तालुक्यातल्या सावरगाव घाटचे भगवानबाबा याच वाटेनं कीर्तन करत गावोगाव फिरले. आमच्याकडच्या कित्येक घरांत आजोबांनी दारू सोडल्याची गोष्ट सांगताना पोलिसाचं किंवा कायद्याचं नाव निघत नाही, माळेचं निघतं.

मग कायद्याचं काय? तीही गोष्ट गमतीची आहे. इंग्रज असोत की निजाम, दारूवरचं उत्पन्न दोघांनाही हवं होतं. आपला बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात. अबकारी ही निजामाची भरभक्कम मिळकत होती. म्हणून तर मुक्तिसंग्रामात कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडं तोडली. झाड तुटलं की शिंदीही बुडाली आणि निजामाचा पैसाही. तिकडं इंग्रजी मुलखात १९३० साली गांधीजींनी दारूच्या दुकानांपुढं पिकेटिंग करायचं काम खास बायकांवर सोपवलं, कारण दारूची झळ कुणाला लागते हे त्यांना ठाऊक होतं.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. पण झालं काय? दुकानं बंद झाली आणि हातभट्ट्या पेटल्या. अमेरिकेनंही १९२० ते १९३३ अशी बंदी करून पाहिली आणि शेवटी उठवली. आपल्याकडं गडचिरोलीत १९९३ मध्ये लोकांच्या आंदोलनातून बंदी आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. कायदा नको असं मी मुळीच म्हणणार नाही. पण समाज ज्याला मान देतो, त्याच्यापुढं कायदाही नमतं घेतो. भांगेचंच बघा. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा आणि चरस येतात, पण त्याच झाडाच्या नुसत्या पानांची भांग त्यात येत नाही. महाशिवरात्रीला आणि होळीला तिचा मान आहे ना! झाड एकच, एकाला तुरुंग आणि दुसऱ्याला नैवेद्य.

आता आपल्या अंगणात येऊ या. बाबांची पुण्यतिथी २० डिसेंबरला आणि जयंती २३ फेब्रुवारीला. शाळांतून, ग्रामपंचायतींतून फोटोला हार घालतात. पण त्या दिवसांत धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूरच्या कितीतरी वस्त्यांवर कुलपं असतात. माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, उसाच्या फडात. गावात राहतात म्हातारी आणि लहान पोरं. ज्यांच्यासाठी बाबा बोलले तेच हार घालायला नसतात. म्हणून आम्ही काही वर्षांपासून बाबांचा कार्यक्रम दसऱ्याच्या आसपास घेतो, जोडपी निघायच्या आधी.

त्याला आणखी एक कारण आहे. मुकादमाकडून उचल त्याच सुमाराला हातात येते. म्हणजे सहा महिन्यांची नवरा-बायकोची मजुरी आगाऊच घरात येते, आणि सणावाराच्या दिवसांत येते. त्यातूनच कंदुरी होते, पोराचं जावळ होतं, राहिलेल्या लग्नाची हळद होते. हळदीला ओली सोय नसेल तर पोरं रुसतात. कोयता दोघांचा असतो, फिटेपर्यंत दोघांनीही राबायचं, पण उचलीतून बाटली किती आणि किराणा किती हे ठरवताना बाईला कोण विचारतं?

मागच्या एका कार्यक्रमात मी बारशाची गोष्ट सांगितली. सगळ्या गप्प बसल्या. मग गटातली एक जण उठली. तिच्या लेकाचं जावळ तोंडावर आलेलं. ती म्हणाली, बोकड बंद करा म्हणाल तर सासू मला घराबाहेर काढील, देवाचं आहे ते. पण बोकडाच्या मागून जी बाटली येते ती काही देवानं मागितलेली नाही. बरोबरच होतं तिचं! मग गटातल्या सातजणी तिच्याबरोबर सासूकडं गेल्या. दिराचा फार विरोध, पाहुणे काय म्हणतील म्हणून. शेवटी सासूच म्हणाली की बाटली नको. जावळ झालं, बाटली आली नाही. दीर आणि त्याचे दोन मित्र जेवायला थांबले नाहीत. बाकी पंगत उठली ती नीट उठली, आणि बायका पहिल्यांदा अंधार पडेपर्यंत बसून गप्पा मारत राहिल्या. एरवी त्या ओल्या जेवणात पुरुषांचा आवाज चढायच्या आत पोरं घेऊन निघायची घाई असते.

दिरानं दारू सोडली का? नाही सोडली. पण त्या घरातल्या पुढच्या कार्याला बाटली आणायची की नाही, हा प्रश्न आता विचारला जातो. आधी तो प्रश्नच नव्हता.

कायद्यानंही आपल्या हातात एक गोष्ट दिली आहे, आडव्या बाटलीची. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानासाठी मतदान घेता येतं. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. मात्र जिंकायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात, नुसत्या मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे. आता आपल्याकडं हे मतदान ऊसतोडीच्या हंगामात आलं तर काय होईल? फडातली बाई मत द्यायला येऊ शकत नाही, आणि तिचं न आलेलं मत दुकान वाचवतं. तेव्हा अर्ज कधी करायचा याचा विचार करूनच करा. माणसं गावात असतील तेव्हा करा.

आणि एक गोष्ट आपल्या बायकांची, जरा हळू आवाजात. दारूवर बोलायला आपण तावातावानं उठतो, पण कमरेच्या पिशवीतली मिशरीची डबी? तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना घासायची. दात दुखत नाहीत, भूक मरते, काम उरकतं, असं सांगून सासू सुनेला देते. तिला कुणी व्यसन म्हणत नाही, ते दात घासणं! गरोदर बाईसुद्धा लावते. तंबाखूनं पोटातल्या बाळाचं वजन कमी भरतं आणि तोंडाचा कॅन्सर बाई-पुरुष पाहत नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मिशरी घरच्या तव्यावरच होते. झिंगराजींची दारू जशी देवाच्या नावानं घरात आली, तशी ही दातांच्या नावानं आली. रस्ता तोच. ती बंद करायला कोणता पोलीस येणार आहे आपल्या चुलीपाशी?

बाबांचं शेवटचं कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याला झालं. ते ध्वनिमुद्रित झालंय, आजही ऐकायला मिळतं. मिळालं तर जरूर ऐका. म्हातारा थकलेला आहे, पण प्रश्न विचारणं काही सुटलेलं नाही. त्याच्या आठवडाभर आधी, १ नोव्हेंबरला, आपला मराठवाडा मुंबई राज्यात आला होता. ६ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर गेले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी मोठ्या विश्वासानं बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेकडं सोपवली होती. आणि दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या पुलाशी प्रवासातच बाबांनी देह ठेवला. त्यांनी कुणाला शिष्य केलं नाही, कुणाला पाया पडू दिलं नाही. त्यामुळं आपल्यावर त्यांचं देणं असेल तर ते हार घालून फिटणारं नाही.

तुमच्या घरात येत्या वर्षात काही ना काही कार्य असेलच. बारसं, जावळ, हळद, नाहीतर दहावीला पास झालेल्या पोराचा आनंद. पंगतीत काय वाढायचं याची यादी तुम्हीच करता ना? मग ती यादी करताना घरातल्या बाकीच्या बायकांना शेजारी बसवा आणि बाटलीचा विषय तिथंच काढा, पाहुणे यायच्या आधी.